कर्णबधिरांचे गुरुजी

मुलांनो, टेलिफोनचा शोध कोणी लावला, असे विचारले तर तुम्ही झटकन उत्तर द्याल, अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी. उत्तर बरोबर आहे. पण स्वतः बेल यांना कोणी त्यांचा व्यवसाय विचारला, तर ते टेलिफोनचे नाव काढीत नसत. आपण कर्णबधिरांचे शिक्षक आहोत, असे ते सांगत. पुढे जगभर कीर्ती झाली, हाती पैसा आला, तरी त्यांचे हे उत्तर बदलले नाही. या शिक्षकाची आज आपण ओळख करून घेऊ. त्यांनी कर्णबधिर मुलांसाठी काय केले ते पाहू आणि त्यांचे कोठे चुकले तेही पाहू. थोरांच्या गुणांपासून आपण शिकतो, तसे त्यांच्या चुकांपासूनही शिकता येते.

प्रथम कर्णबधिर म्हणजे काय, ते समजून घ्या. कर्ण म्हणजे कान आणि बधिर म्हणजे ऐकू न येणारा. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात जवळा बाजार नावाचे गाव आहे. गावाच्या नावातच बाजार आहे. अशा गावच्या बाजारात उभे राहा आणि कान देऊन ऐका. भाजीवाल्यांच्या आरोळ्या, एस.टी.चा भोंगा, भावावरून चाललेली घासाघीस. कोणी मराठीत बोलतो, कोणी उर्दूत, तर कोणी दोन्ही मिसळून. दोन वर्षांचे मूल आईच्या कडेवर बसून हे सारे ऐकत असते. त्याला मुद्दाम कोणी शिकवत नाही. तरी शब्द त्याच्या कानांतून आत जातात आणि एक दिवस तोंडातून बाहेर येतात.

आता दुसरे एक मूल डोळ्यांसमोर आणा. त्यालाही तोच बाजार दिसतो. माणसांचे ओठ हलताना दिसतात. पण त्याच्यापर्यंत एकही शब्द पोचत नाही. शब्द आत गेलाच नाही, तर बाहेर कसा येणार? म्हणून ते बोलत नाही. लोक त्याला मुका म्हणतात. कोणी वेडाही म्हणतात. हे दोन्ही खोटे आहे. त्याचा गळा चांगला असतो, जीभ चांगली असते आणि बुद्धीही तुमच्याआमच्यासारखीच असते. त्याच्यापर्यंत भाषा पोचलेली नसते, एवढीच उणीव. ती भाषा कशी पोचवायची, या प्रश्नाचा बेल यांनी जन्मभर ध्यास घेतला.

हा प्रश्न त्यांना स्वतःच्या घरातच भेटला. अलेक्झांडर यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरात झाला. घरी त्यांना अलेक म्हणत. त्याचे आजोबा शुद्ध व स्पष्ट बोलायला शिकवण्याचे काम करीत. वडील मेलव्हिल बेल यांचाही तोच व्यवसाय होता. आई एलायझा मात्र जवळजवळ ऐकू शकत नव्हती. ती कानाला नळी लावून कसेबसे ऐकत असे. तरीही ती पियानो हे वाद्य उत्तम वाजवी. अलेकला पहिले धडे तिनेच दिले.

घरात पाहुणे आले आणि गप्पा रंगल्या, की आई एकटी पडे. सगळे हसत आणि ती नुसती पाहत राही. हे अलेकला सहन होत नसे. तो तिच्याशेजारी जाऊन बसे. कोण काय बोलले, ते बोटांच्या खुणांनी एकेक अक्षर करून तिला सांगे. आपल्याकडे जनावरांच्या बाजारात व्यापारी रुमालाखाली हात घालून केवळ बोटांनी भाव ठरवतात, हे तुम्ही मोठ्या माणसांकडून ऐकले असेल. तिथे बोटे आकडे सांगतात. अलेकची बोटे अक्षरे सांगत, इतकाच फरक. त्याने आणखी एक युक्ती शोधली होती. तो आईच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खालच्या आवाजात सावकाश बोले. आवाज म्हणजे कंप, आणि तो हाडांतूनही जाणवतो, हे त्या मुलाला फार लवकर उमगले.

अलेक खोडकरही होता बरे का! तो आणि त्याचा थोरला भाऊ यांनी मिळून बोलणारे यंत्र बनवले होते. त्याला कृत्रिम जीभ, ओठ आणि घसा होता. भात्याने हवा सोडली, की यंत्र तान्ह्या बाळासारखे मामा असा आवाज काढी. अलेकने आपल्या कुत्र्यालाही सोडले नाही. कुत्रा गुरगुरू लागला, की तो त्याचा जबडा हातांनी असा काही हलवी, की कुत्रा शब्द उच्चारतो आहे असे ऐकणाऱ्याला वाटे. या खेळांतून तो एक गोष्ट शिकला. तोंडातील कोणत्या हालचालीने कोणता आवाज निघतो, हे नीट पाहिले तर समजू शकते.

याच विषयावर वडिलांनी मोठे काम केले होते. त्यांनी एक नवी लिपी तयार केली होती. तिला दृश्य वाणी असे म्हणता येईल. दृश्य म्हणजे डोळ्यांना दिसणारी. तुम्ही मराठीची वर्णमाला शिकला आहात. क, ख, ग हे वर्ण घशाजवळून निघतात. ट, ठ, ड म्हणताना जीभ वर वळते. त, थ, द म्हणताना ती दातांना लागते आणि प, फ, ब म्हणताना ओठ मिटतात. मेलव्हिल बेल यांच्या लिपीत तर प्रत्येक खूण हे जीभ आणि ओठ कोठे ठेवायचे याचे जणू चित्रच होते. लोकांना ती दाखवताना ते मुलांना खोलीबाहेर पाठवत. मग जमलेल्या लोकांपैकी कोणी परक्या भाषेतील शब्द सांगे, कोणी चित्रविचित्र आवाज काढी. वडील ते आवाज लिहून ठेवत. मुले आत येत आणि केवळ खुणा वाचून तेच आवाज जसेच्या तसे काढून दाखवत. लोक थक्क होत.

ज्याने शब्द कधी ऐकलाच नाही, त्यालाही या खुणा पाहून बोलता येईल काय, असा विचार पुढे आला. १८६८ मध्ये लंडनमधील एका छोट्या शाळेत अलेकला ही संधी मिळाली. तेथे काही कर्णबधिर मुली शिकत होत्या. त्याने त्यांना तोंडाची चित्रे दाखवली, जीभ कोठे ठेवायची ते समजावले. थोड्याच दिवसांत मुली एकेक आवाज काढू लागल्या. एकवीस वर्षांच्या या तरुणाला आपला मार्ग सापडला.

पण घरावर संकट कोसळले. क्षयरोगाने १८६७ मध्ये धाकटा भाऊ गेला होता. १८७० मध्ये थोरलाही त्याच रोगाने गेला. अलेकचीही प्रकृती ढासळू लागली. तेव्हा आईवडिलांनी देश सोडला आणि उरलेल्या एकुलत्या मुलाला घेऊन ते कॅनडात जाऊन राहिले. तेथील मोकळ्या हवेत तो बरा झाला. १८७१ मध्ये तो अमेरिकेतील बोस्टन शहरात कर्णबधिर मुलांना शिकवण्यासाठी गेला. आता तो घरचा अलेक राहिला नाही. विद्यार्थ्यांचे ते बेल सर झाले. १८७३ मध्ये बोस्टन विद्यापीठाने त्यांना प्राध्यापक नेमले.

बेल सरांच्या शिकवण्यात मोठी माया होती. जॉर्ज सँडर्स नावाचा पाच वर्षांचा मुलगा त्यांच्याकडे आला. तो जन्मापासून बहिरा होता. सरांनी त्याच्यासाठी एक हातमोजा तयार केला. बोटांवर आणि तळव्यावर ठिकठिकाणी अक्षरे लिहिली. जॉर्ज हातमोजा घाली आणि सर त्या त्या अक्षराला बोट लावून शब्द तयार करीत. खेळता खेळता तो वाचू लागला. खेळणे हवे असेल तर आधी त्याचे नाव शोधायचे, मग ते हाती मिळायचे. या मुलाच्या आजीच्या घरीच सर पुढे काही काळ राहिले. दिवसा शिकवायचे आणि रात्री प्रयोग करायचे, असा त्यांचा नेम होता. जॉर्जच्या वडिलांनी त्यांच्या प्रयोगांना पैसा पुरवला.

आणखी एक विद्यार्थिनी होती, मेबल हबर्ड. पाच वर्षांची असताना तिला लाल ताप आला आणि तिची श्रवणशक्ती गेली. पण तोवर ती बोलायला शिकली होती. तिच्या आईवडिलांनी तिचे बोलणे थांबू दिले नाही. समोरच्याच्या ओठांकडे पाहून बोलणे ओळखण्यात ती तरबेज झाली. १८७३ मध्ये उच्चार सुधारण्यासाठी ती बेल सरांकडे येऊ लागली. तिचे वडील वकील होते आणि कर्णबधिरांच्या शाळेसाठी त्यांनी पुष्कळ खटपट केली होती. पुढे ११ जुलै १८७७ रोजी बेल आणि मेबल यांचा विवाह झाला. तेव्हा बेल यांनी आपल्या कंपनीच्या भागांपैकी फक्त दहा भाग स्वतःकडे ठेवले आणि बाकीचे सारे पत्नीला भेट दिले.

आता टेलिफोनची गोष्ट ऐका. तीही कर्णबधिर मुलांच्या वर्गातूनच सुरू होते. मुलांना आपला आवाज ऐकू येत नाही, तर निदान तो दिसावा, असे बेल यांना वाटे. आपण काढलेला आवाज आणि गुरुजींचा आवाज यांच्या रेघा शेजारी शेजारी पाहता आल्या, तर मुलाला आपली चूक कळेल. यासाठी १८७४ च्या उन्हाळ्यात त्यांनी एक विलक्षण प्रयोग केला. एका डॉक्टर मित्राने त्यांना मृत माणसाचा कान मिळवून दिला. कानाच्या आत एक पातळ पडदा असतो आणि त्याला चिमुकली हाडे जोडलेली असतात. त्या हाडाला त्यांनी गवताची काडी बसवली आणि काजळी धरलेल्या काचेवर तिचे टोक टेकवले. कानाजवळ बोलले, की पडदा थरथरे, काडी हले आणि काचेवर नागमोडी रेघ उमटे.

ती रेघ पाहता पाहता त्यांच्या मनात विचार आला. एवढासा नाजूक पडदा एवढी हाडे हलवतो, तर मोठा पडदा लोखंडाचा तुकडा का हलवणार नाही? आणि लोखंड हलले, तर त्याबरोबर तारेतील विजेचा प्रवाह कमीजास्त का होणार नाही? वॉटसन नावाच्या कुशल कारागिराला हाताशी घेऊन त्यांनी खटपट सुरू केली. ७ मार्च १८७६ रोजी त्यांना पेटंट, म्हणजे शोधाच्या हक्काचा सरकारी दाखला मिळाला. १० मार्च रोजी त्यांनी यंत्रात बोलून वॉटसनला हाक मारली आणि दुसऱ्या खोलीत वॉटसनला ती तारेतून स्पष्ट ऐकू आली. असे यंत्र शोधण्यासाठी इतरही संशोधक झटत होते. त्यामुळे पुढे न्यायालयात अनेक खटले झाले. पण बेल यांचा हक्क कायम राहिला.

त्याच वर्षी फिलाडेल्फिया शहरात मोठे प्रदर्शन भरले होते. बेल यांचे यंत्र एका कोपऱ्यात पडून होते. परीक्षक दमले होते आणि परत निघण्याच्या बेतात होते. त्यांच्यासोबत ब्राझील देशाचे सम्राट पेद्रो होते. सम्राटांनी बेल यांना पाहताच ओळखले, कारण काही दिवसांपूर्वीच त्यांनी बोस्टनमधील कर्णबधिरांच्या शाळेला भेट दिली होती. सम्राट थांबले, म्हणून परीक्षकही थांबले. सम्राटांनी यंत्र कानाला लावले आणि ते चकित झाले. पाहा, या प्रसंगीही बेल यांच्या कामी आली ती त्यांची शिक्षकाची ओळख!

१८८० मध्ये फ्रान्स देशाने त्यांना पन्नास हजार फ्रँकचे पारितोषिक दिले. त्या पैशातून त्यांनी प्रयोगशाळा काढली. तेथे लागलेल्या शोधांतून जो पैसा आला, तो त्यांनी कर्णबधिरांच्या शिक्षणाला लावला. १८८७ मध्ये वॉशिंग्टन शहरात त्यांनी या विषयाची माहिती गोळा करणारी संस्था स्थापन केली. ऐकण्याची शक्ती किती आहे, हे मोजण्याचे यंत्रही त्यांनी १८७९ मध्ये तयार केले होते. आज डॉक्टर आवाजाची पातळी डेसिबेलमध्ये सांगतात. त्या डेसिबेल शब्दातील बेल म्हणजे आपले हेच बेल.

१८८६ च्या सुमारास एक गृहस्थ आपल्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन त्यांच्याकडे आले. आजारपणात तिची दृष्टी आणि श्रवणशक्ती दोन्ही गेल्या होत्या. बेल यांनी तिला मांडीवर घेतले. ती त्यांच्या घड्याळाशी खेळू लागली. या मुलीला शिकवता येईल, असा धीर त्यांनी वडिलांना दिला आणि बोस्टनच्या अंधशाळेकडे पत्र लिहायला सांगितले. त्या शाळेने ॲन सलिव्हन या तरुण शिक्षिकेला पाठवले. तिने मुलीच्या एका हातावर पाण्याची धार धरली आणि दुसऱ्या तळहातावर बोटांनी पाणी हा शब्द लिहिला. मुलीच्या मनाचे दार उघडले. ती मुलगी म्हणजे हेलन केलर. पुढे तिने आपले आत्मचरित्र बेल यांनाच अर्पण केले. १९५५ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत, ती भारतातही येऊन गेली.

इथपर्यंत सारे गोड वाटते. पण आता चुकीचेही सांगितले पाहिजे. बेल यांचा एक आग्रह होता. कर्णबधिर मुलांनी तोंडानेच बोलावे, ओठ पाहूनच समजून घ्यावे आणि खुणांची भाषा शाळेतून हद्दपार करावी, असे ते म्हणत. त्यांना स्वतःला खुणांची भाषा चांगली येत होती. तरीही ती वापरली, तर ही मुले आपल्यातच राहतील आणि जगापासून तुटतील, अशी त्यांना भीती वाटे. मेबल ओठ पाहून सहज समजून घेई. मग सर्वांना ते का जमू नये, असे त्यांना वाटले असावे. १८८३ मध्ये त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. कर्णबधिरांनी एकमेकांशी विवाह केले तर बहिरेपणा वाढत जाईल, असे त्यांनी त्यात मांडले. कर्णबधिरांनीच कर्णबधिरांचे शिक्षक होऊ नये, असेही त्यांचे मत होते. या विचारांनी कर्णबधिर माणसे फार दुखावली गेली. आपल्या बोलण्याची आणि घरसंसाराची अशी मोजमापे दुसऱ्याने का करावीत, असे त्यांना वाटले.

त्या काळी असे मानणारे बेल एकटेच नव्हते. १८८० मध्ये इटलीतील मिलान शहरात शिक्षकांची परिषद भरली. जमलेल्यांपैकी जवळजवळ सर्वांना ऐकू येत होते. त्यांनी खुणांच्या भाषेविरुद्ध ठराव केला. त्यानंतर अनेक देशांतील शाळांत मुलांना हात हलवायची बंदी झाली. खुणा करणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागल्या. कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. अमेरिकेत एडवर्ड गॅलाडेट या शिक्षणतज्ज्ञांनी बेल यांना विरोध केला. गॅलाडेट यांची आईही कर्णबधिर होती आणि ती खुणांनी बोले. मुलाला बोलायला जरूर शिकवा, पण त्याच्या हातांची भाषा हिरावून घेऊ नका, असे त्यांचे म्हणणे होते. दोघांच्याही घरी कर्णबधिर आई आणि दोघांचेही या मुलांवर प्रेम, तरीही मते वेगळी!

कोणाचे बरोबर, हे तुम्हीच पारखून पाहा. आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता पान, बाण, मान हे तीन शब्द म्हणा. ओठांची हालचाल तिन्ही वेळा सारखीच दिसेल. मग ज्याला ऐकू येत नाही, त्याने यातून पान कोणते आणि मान कोणती, हे कसे ओळखावे? मेबलला ते जमले, कारण बोली भाषा तिच्या मनात आधीच रुजली होती. जन्मापासून बहिऱ्या असलेल्या मुलाला केवळ ओठ पाहून सगळी भाषा शिकणे फार कठीण जाते. अशी कितीतरी मुले वर्षानुवर्षे एकेक उच्चार घोटत राहिली आणि मनातले सांगायला मात्र त्यांना भाषाच मिळाली नाही.

आता स्वतःकडे पाहा. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी उर्दू बोलली जाते. मराठी तुम्ही शाळेत शिकता. मराठीतला एखादा शब्द अडला, की गुरुजी उर्दूत त्याचा अर्थ सांगतात आणि तुमच्या डोक्यात उजेड पडतो. उर्दू पक्की असते, म्हणून तिच्या आधाराने मराठी शिकता येते. पण समजा, कोणी तुमच्यावर बंदी घातली, की उर्दूचा एकही शब्द उच्चारायचा नाही. मराठी पुरती येईपर्यंत गप्प बसायचे. तर तुमचे काय होईल? कर्णबधिर मुलांचे तसेच झाले होते. खुणांची भाषा ही त्यांची पहिली भाषा होऊ शकते. तिच्या आधाराने ती मराठी वाचू शकतात, लिहू शकतात, काही जण बोलूही शकतात. उर्दूत जबान या शब्दाचा अर्थ जीभ असाही होतो आणि भाषा असाही होतो. पण भाषा काही जिभेवरच राहते असे नाही. ती हातांतही राहू शकते.

जगाला हे कळायला फार वर्षे लागली. २०१० मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर शहरात कर्णबधिरांच्या शिक्षणाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मिलानचा तो ठराव त्या परिषदेने नाकारला आणि झालेल्या हानीबद्दल खेद व्यक्त केला. मधे तब्बल एकशे तीस वर्षे गेली होती.

आपल्याकडेही हे काम बेल यांच्या हयातीतच सुरू झाले. १८८० नंतरच्या काही वर्षांत मुंबईत बिशप म्यूरिन यांच्या पुढाकाराने कर्णबधिरांची शाळा निघाली. ती देशातील पहिली शाळा मानतात. त्या काळी जवळा बाजारचा मुलूख निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. मुंबई फार दूर होती आणि अशा मुलाला शाळा असते, हे खेड्यात कोणाच्या कानावरही जात नसे. पुढे १९८३ मध्ये मुंबईत कर्णबधिरांसाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिला अली यावर जंग यांचे नाव दिले आहे. ते उस्मानिया आणि अलीगढ या विद्यापीठांचे कुलगुरू होते आणि नंतर महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेची संस्था स्थापन झाली. तिने या भाषेचा शब्दकोशही तयार केला आहे. बेल यांना नको असलेल्या भाषेचा शब्दकोश!

आज विज्ञानही पुष्कळ पुढे गेले आहे. बाळ झोपलेले असताना त्याच्या कानात बारीकसा आवाज सोडून त्याला ऐकू येते की नाही, हे यंत्राने तपासता येते. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाय, असा तज्ज्ञांचा नियम आहे. काही मुलांना श्रवणयंत्राने ऐकू येते. काहींच्या कानाच्या आत शस्त्रक्रिया करून यंत्र बसवतात. काहींना खुणांची भाषाच जवळची वाटते. मार्ग कोणताही असो, उशीर मात्र चालत नाही. पहिल्या काही वर्षांत मेंदू भाषेसाठी भुकेलेला असतो. ती वर्षे वाया गेली, तर पुढे फार कष्ट पडतात. म्हणून टाळी वाजवली तरी बाळ दचकत नसेल, हाक मारली तरी वळून पाहत नसेल, वर्षाचे झाले तरी एकही शब्द बोलत नसेल, तर थांबू नये. हळूहळू बोलेल, असे म्हणून स्वस्थ बसू नये. आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात नेऊन कान तपासून घ्यावेत. कान वाहत असेल, तर त्यात तेल न घालता डॉक्टरांना दाखवावे. गोवर आणि रुबेला यांची लस वेळेवर द्यावी, कारण या रोगांमुळेही श्रवणशक्ती जाऊ शकते.

आता बेल यांच्या अखेरच्या दिवसांकडे वळू. त्यांनी विमानांचे प्रयोग केले, पाण्यावरून वेगाने जाणाऱ्या नौका बनवल्या, मान मिळवले. पण त्यांनी शोधलेले टेलिफोन त्यांच्या स्वतःच्या आईला आणि पत्नीला कधीच ऐकू आले नाहीत. २ ऑगस्ट १९२२ रोजी कॅनडातील आपल्या घरी ते मृत्युशय्येवर होते. मेबल त्यांचा हात धरून बसली होती. मला सोडून जाऊ नका, अशी तिने विनवणी केली. त्यांच्यात बोलण्याचे त्राण उरले नव्हते. त्यांनी बोटांनीच नाही अशी खूण केली आणि प्राण सोडला. ज्यांनी जन्मभर तोंडाच्या बोलीचा आग्रह धरला, त्यांचा शेवटचा शब्द हातानेच बोलला गेला. मेबलला तो समजला. त्यांच्या दफनाच्या वेळी उत्तर अमेरिकेतील सर्व टेलिफोन एक मिनिट बंद ठेवण्यात आले होते.

आज टेलिफोनचेही रूप बदलले आहे. मोबाइलच्या पडद्यावर आता समोरचा माणूस दिसतो. कर्णबधिर मुलगा दूर गावच्या मित्राशी त्याच पडद्यावर हातांनी गप्पा मारतो. बेल यांच्या यंत्राने शेवटी त्यांची चूकही सुधारली, असे म्हणायला हरकत नाही.

मुलांनो, ३ मार्च हा बेल यांचा जन्मदिवस. योगायोग असा, की त्याच दिवशी जगभर श्रवणदिन पाळतात. तीन हा आकडा कानासारखा दिसतो, म्हणून तो दिवस निवडला आहे. पण त्या दिवसाची वाट पाहायला नको. तुमच्या वर्गात, गल्लीत किंवा नात्यात एखादे कर्णबधिर मूल असेल, तर त्याच्या मागून ओरडू नका. समोर या आणि चेहऱ्यावर उजेड पडेल असे उभे राहा. सावकाश बोला. एका वेळी एकानेच बोला. शब्द कळला नाही, तर वहीत लिहून दाखवा. त्याच्या दहा खुणा तुम्ही शिका. आणि पाहुण्यांच्या घोळक्यात ते एकटे पडलेले दिसले, तर छोट्या अलेकसारखे त्याच्याशेजारी जाऊन बसा आणि काय चालले आहे ते त्याला सांगा.